एनिस्मोर गार्डन्सचे रशियन कॅथीड्रल, लंडन

रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या सुरोझ धर्मप्रांताचे मुख्य पीठ. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. देवमाता मरियेची महानिद्रा व सर्व संत यांना ते समर्पित असून ‘सर्व संत’ हे मूळच्या अँग्लिकन चर्चचे नाव आहे. ते चर्च लूइस व्हलियामी या वास्तुकाराने १८४८-४९ मध्ये उत्तर इटलीच्या धर्तीवर बांधले. १८९२ मध्ये हॅरिसन टाउनसेंडने त्याचा दर्शनी भाग नव्याने रचला. आतील भिंतींवर हेवूड सम्नरने गिलाव्याचे रंगीत थर खरवडून केलेली चित्रे आहेत.

क्रांतीनंतर लंडनला आलेल्या रशियन निर्वासितांना वेल्बेक स्ट्रीटवरील जुने दूतावासी प्रार्थनागृह अपुरे पडू लागले. तेव्हा अँग्लिकनांनी बकिंगहॅम पॅलेस रोडवरील सेंट फिलिप्स चर्च त्यांना वापरायला दिले. पुढे निर्वासितांतच दोन तट पडले आणि एकाच छपराखाली आलटून पालटून एकेका रविवारी उपासना होऊ लागली. १९५५ च्या सुमारास व्हिक्टोरिया बसस्थानकाच्या विस्तारासाठी ते चर्च पाडायचे ठरले. नेमका त्याच सुमारास एनिस्मोर गार्डन्सचा अँग्लिकन पॅरिश शेजारच्या पॅरिशमध्ये विलीन होऊन ही वास्तू मोकळी झाली होती. डिसेंबर १९५६ मध्ये तिचे ऑर्थोडॉक्स विधीने समर्पण झाले. फेरफार मोजकेच झाले. रशियन ऑर्थोडॉक्स उपासना सहसा उभ्याने चालते, त्यामुळे बाके हलवली गेली. वेदीपुढे प्रतिमांची भिंत आली आणि तिची मधली दारे वेल्बेक स्ट्रीटहून आणली गेली. सम्नरची चित्रे मात्र जागीच राहिली, हे शहाणपणाचे झाले.

तरीही जागा परक्याचीच होती. १९७० नंतरच्या दशकात ती विकायची वेळ आली. धर्मप्रांताचे प्रमुख मेट्रोपॉलिटन अँथनी ब्लूम सांगत की, एका उपाहारगृहवाल्याने जास्त रक्कम देऊ केली होती. आपण मात्र गाठीशी पैसा नसताना, किंमतही न विचारता ‘घेतो’ म्हणून मोकळे झालो. किंमत ८०,००० पौंड निघाली. हकीकत सांगताना थोडी रंगली असेल, पण वर्गणी जमली आणि दशक संपता संपता चर्च पॅरिशच्या मालकीचे झाले.

या मालकीवरून पुढे कोर्टकचेरी झाली. अँथनी २००३ मध्ये वारले; २००६ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी बिशप बेसिल काही अनुयायांसह कॉन्स्टँटिनोपलच्या अधिकाराखाली गेले. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने मॉस्कोच्या अखत्यारीतील धर्मप्रांताच्या बाजूने निकाल दिला आणि कॅथीड्रल त्याच्याकडेच राहिले.