शरीरबाह्य फलन

शरीरबाह्य फलन : स्त्रीच्या अंडाशयातून पक्व अंडाणू बाहेर काढून, काचपात्रात शुक्राणूंशी त्याचा संयोग घडवून आणणे आणि तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडणे, या वैद्यकीय पद्धतीला ‘शरीरबाह्य फलन’ असे म्हणतात. या पद्धतीने जन्मलेल्या बालकास ‘परीक्षानलिका अपत्य’ (टेस्ट ट्यूब बेबी) म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तथापि तो यथार्थ नाही. फलन उथळ काचपात्रात होते आणि पहिले दोन ते सहा दिवस वगळता गर्भाची सर्व वाढ मातेच्या उदरातच होते. प्रारंभी अंडवाहिन्या बंद असलेल्या स्त्रियांसाठी ही पद्धत योजण्यात आली. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे अंडवाहिन्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण असल्याने येथे तिला विशेष महत्त्व आहे. पुढे पुरुषातील दोषांमुळे येणाऱ्या वंध्यत्वातही तिचा उपयोग होऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार प्रौढांपैकी सु. १७·५ टक्के, म्हणजे सहांपैकी एका व्यक्तीस, आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाचा अनुभव येतो.

पूर्वपीठिका : एका मादीतील भ्रूण दुसऱ्या मादीच्या शरीरात वाढू शकतो, हे इंग्लंडमधील वॉल्टर हीप यांनी १८९० मध्ये दाखविले. अंगोरा जातीच्या सशाचे दोन भ्रूण त्यांनी बेल्जियन जातीच्या मादीत सोडले. तिच्या पिलांपैकी दोन अंगोरा जातीची निघाली. मानवी अंडाणूच्या बाह्य फलनाचा पहिला वृत्तांत अमेरिकेतील जॉन रॉक व मिरियम मेंकिन यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पण त्यातून गर्भधारणा साधण्याचा प्रयत्न झाला नाही. सस्तन प्राण्यांत हे प्रयोग वारंवार का फसतात, याचा उलगडा १९५१ मध्ये झाला. शुक्राणूला मादीच्या जननमार्गात काही काळ राहिल्यावरच फलनाची क्षमता येते, असे एम. सी. चँग आणि सी. आर. ऑस्टिन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केले. या ज्ञानाच्या आधारे चँग यांनी १९५९ मध्ये सशाच्या अंडाणूंचे बाह्य फलन करून जिवंत पिले मिळविली.

एडवर्ड्‌स, स्टेप्टो व पर्डी यांचे कार्य : मानवी अंडाणू शरीराबाहेर बारा तासांत पक्व होतो, असा समज ग्रेगरी पिंकस यांच्या प्रयोगांमुळे रूढ झाला होता. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक रॉबर्ट एडवर्ड्‌स यांनी १९६५ मध्ये तो चुकीचा ठरविला; पक्वतेस छत्तीस तासांहून अधिक काळ लागतो, असे त्यांना आढळले. कच्च्या अंडाणूवर प्रयोग होत असल्यामुळेच पूर्वीचे बरेचसे यत्न निष्फळ ठरत होते. बॅरी बॅव्हिस्टर यांनी तयार केलेल्या संवर्धक द्रवाच्या साहाय्याने मानवी अंडाणूचे बाह्य फलन साध्य झाले व त्याचा वृत्तांत १९६९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंडाणू मिळविण्याचा प्रश्न ओल्डम येथील स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो यांच्यामुळे सुटला. पोटाला लहानसा छेद देऊन उदरदर्शक नळीने अंडाशय पाहण्याच्या तंत्रात ते निष्णात होते. जीन पर्डी या परिचारिका १९६८ मध्ये या कार्यात सहभागी झाल्या. भ्रूणसंवर्धनाचे दैनंदिन काम त्यांनी सांभाळले.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ मध्ये या कार्यास अनुदान नाकारले. हेतूची नैतिकता आणि संभाव्य अपत्यांची सुरक्षितता यांविषयी शंका घेतल्या गेल्या. अशा स्थितीत खाजगी देणग्यांवर ओल्डमजवळच्या एका छोट्या रुग्णालयात काम चालू राहिले. १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांवर ४५७ वेळा अंडाणू मिळविण्याची शस्त्रक्रिया करण्यात आली. ११२ वेळा भ्रूण गर्भाशयात सोडता आले. त्यांतून पाच गर्भधारणा व केवळ दोन जिवंत जन्म झाले. त्या स्त्रियांना यशाची हमी कोणीही दिलेली नव्हती. त्यांच्या सहभागावाचून हे तंत्र उभे राहिले नसते, हे त्याच्या इतिहासात क्वचितच नोंदले जाते.

अंडाणूंची संख्या वाढविण्यासाठी दिलेल्या हॉर्मोनांमुळे गर्भाशयाचे अस्तर भ्रूणास प्रतिकूल होत असावे, असे वाटल्यावरून एडवर्ड्‌स व स्टेप्टो यांनी १९७७ मध्ये नैसर्गिक ऋतुचक्रातील एकाच अंडाणूवर भर दिला. मूत्रातील पीतपिंडकारी हॉर्मोनाची वाढ हेरून अंडाणू काढण्याची वेळ ठरविली जाई. आठ कोशिकांचा भ्रूण गर्भाशयात सोडण्यात आला आणि २५ जुलै १९७८ रोजी ओल्डम येथे लुईझ ब्राउन हिचा जन्म झाला. एडवर्ड्‌स यांना २०१० मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेप्टो १९८८ मध्ये व पर्डी १९८५ मध्ये निवर्तल्या असल्याने हे दोघेही त्यास मुकले.

भारतातील संशोधन : लुईझ ब्राउन हिच्या जन्मानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्ता येथे अशाच पद्धतीने एक मुलगी जन्मल्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय (१९३१–८१) यांनी जाहीर केले. शीतजैवविज्ञानातील जाणकार सुनीत मुखर्जी व स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी होते. त्यांची पद्धत ब्रिटिश पद्धतीहून मूलतः भिन्न होती. त्यांनी हॉर्मोने देऊन अनेक अंडाणू पक्व करविले, ते उदरातून न काढता योनिमार्गे काढले आणि भ्रूण गोठवून ठेवून नंतरच्या नैसर्गिक ऋतुचक्रात गर्भाशयात सोडला. ही तिन्ही अंगे पुढे जगभर रूढ झाली. गोठविलेल्या भ्रूणापासून झालेली गर्भधारणा अन्यत्र प्रथम १९८३ मध्ये, ऑस्ट्रेलियात, नोंदली गेली.

मुखोपाध्याय यांच्या वाट्याला मात्र अविश्वास आला. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा ग्राह्य मानला नाही. परदेशी जाऊन आपले कार्य मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही आणि १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोगविषयक संस्थेत करण्यात आली. त्याच वर्षी १९ जून रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपशीलवार शोधनिबंध प्रसिद्ध झालेला नसल्याने समितीच्या शंकांना काही आधार होता, हे खरे. परंतु प्रयोगाची पुनरावृत्ती करून शंका फेडण्याची संधीच त्यांना नाकारली गेली, ही बाब अधिक गंभीर होय.

मुंबई येथे परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी संयुक्तपणे केलेल्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका मुलीचा जन्म झाला. शासकीय संशोधन संस्था व महानगरपालिकेचे रुग्णालय यांच्या सहकार्याने, प्रत्येक टप्प्याची शास्त्रीय नोंद ठेवून घडलेला हा भारतातील पहिलाच जन्म होता आणि तो देशातील आद्य जन्म मानला गेला. पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे आनंदकुमार यांच्या हाती आली. त्यांचा अभ्यास करून आद्यत्वाचा मान मुखोपाध्याय यांचाच आहे, असे त्यांनी १९९७ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात प्रतिपादन केले. स्वतःकडे असलेले श्रेय साधार दुसऱ्यास देण्याचे असे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात विरळाच आढळते.

नंतरची प्रगती : १९८० नंतरच्या दशकात श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने योनिमार्गे सुईने अंडाणू काढण्याची रीत प्रचारात आली व उदरदर्शक शस्त्रक्रियेची गरज संपली. ब्रूसेल्स येथे जानपिएरो पालेर्मो व सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने अंडाणूत सोडण्याचे तंत्र १९९२ मध्ये प्रसिद्ध केले; त्यामुळे अत्यल्प शुक्राणू असलेल्या पुरुषांनाही अपत्यप्राप्ती शक्य झाली. लंडनमध्ये ॲलन हँडीसाइड व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये भ्रूणातील कोशिका तपासून लिंगसंलग्न आनुवंशिक रोग टाळण्याची रोपणपूर्व चाचणी साध्य केली. अतिजलद गोठविण्याच्या, म्हणजे काचीभवनाच्या, तंत्रामुळे अंडाणू व भ्रूण द्रवरूप नायट्रोजनात दीर्घकाळ टिकविता येतात. कर्करोगाच्या उपचारांपूर्वी अंडाणू राखून ठेवण्यासाठी ते विशेष उपयुक्त ठरले आहे.

रोपण केलेल्या गर्भाशयातून पहिले बालक स्वीडनमध्ये २०१४ साली जन्मले. भारतात असे गर्भाशयरोपण पुणे येथे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी केले व ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातून एक मुलगी जन्मास आली. गर्भाशयाचे दान त्या स्त्रीच्या आईनेच केले होते. सदोष कलकणूंमुळे होणारे रोग टाळण्यासाठी दात्या स्त्रीच्या अंडाणूतील कलकणूंचा वापर करण्यास ब्रिटनने २०१५ मध्ये मान्यता दिली आणि या पद्धतीने आठ बालके जन्मल्याचे न्यूकॅसल येथील संशोधकांनी २०२५ मध्ये जाहीर केले. जपानमध्ये उंदराच्या मूल कोशिकांपासून अंडाणू बनवून पिले मिळविण्यात आली आहेत. मानवात मात्र हे साधलेले नाही.

मर्यादा व नियमन : या पद्धतीने जगात एक कोटीहून अधिक बालके जन्मली असली, तरी प्रत्येक प्रयत्न सफल होत नाही. स्त्रीच्या वयाच्या पस्तिशीनंतर यशाचे प्रमाण झपाट्याने घटते आणि हा ऱ्हास रोखण्याचा उपाय उपलब्ध नाही. हॉर्मोनांमुळे अंडाशयाचे अतिउद्दीपन होण्याचा धोका असतो. एकाच वेळी अनेक भ्रूण सोडल्यास जुळी-तिळी होऊन माता व बालके दोहोंनाही अपाय संभवतो. म्हणून एकेकच भ्रूण सोडण्याकडे कल वाढला आहे.

भारतात भ्रूणाच्या लिंगनिवडीची भीती आरंभापासून होती. गर्भलिंगनिदानाचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व २००३ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. साहाय्यित प्रजनन व पर्यायी मातृत्व यांविषयीचे दोन कायदे २०२१ मध्ये संमत झाले. त्यांनुसार केंद्रांची नोंदणी सक्तीची असून स्त्रियांसाठी २१ ते ५० व पुरुषांसाठी २१ ते ५५ ही वयोमर्यादा आहे. अंडाणूदान आयुष्यात एकदाच करता येते आणि मोबदला घेऊन पर्यायी मातृत्व पतकरण्यास बंदी आहे. उपचार मुख्यतः खाजगी रुग्णालयांत होत असल्याने खर्चाचा भार बहुतेक कुटुंबांना पेलत नाही. मुंबईतील १९८६ चा प्रयोग सार्वजनिक संस्थांनी सिद्धीस नेला होता. त्याचे फळ सामान्य रुग्णापर्यंत नेण्याचे कार्य मात्र अपुरेच राहिले आहे.

(पहा : जनन तंत्र, भ्रूणविज्ञान, वंध्यत्व, हॉर्मोने.)