जुनी गाडी देऊन नवी घेताय? शोरूममध्ये सही करण्याआधी हे वाचा

उसाचे बिल जमा झाले, सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, की दसरा-पाडव्याच्या मुहूर्ताला जिल्ह्याच्या शोरूममध्ये गर्दी सुरू होते. अनेकांच्या दारात आधीची एक गाडी असतेच. ती शोरूमला द्यायची, वरची रक्कम भरायची आणि नवी गाडी घरी आणायची, याला एक्स्चेंज म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण यात जुन्या गाडीची विक्री, नव्या गाडीची खरेदी आणि कर्ज असे तीन व्यवहार एकत्र असतात. एका ठिकाणी सूट दाखवून दुसरीकडून ती वसूल करता येते. शिवाय जुन्या गाडीची आरसी तुमच्याच नावावर राहिली, तर काही वर्षांनीही कोर्टाची नोटीस घरी येऊ शकते. म्हणून सौदा कसा करायचा आणि कोणते कागद सोडायचे नाहीत, ते पाहू.

जुन्या गाडीचा भाव आधी बाहेर काढा

शोरूममध्ये जाण्याआधी किमान तीन ठिकाणी भाव विचारा. तालुक्यातला जुन्या गाड्यांचा व्यापारी, ऑनलाइन गाड्या विकत घेणारी एखादी कंपनी आणि ओळखीचा मेकॅनिक, ज्याला गावात कोण गाडी शोधतंय ते माहीत असतं. असा बाहेरचा आकडा हातात असला, की शोरूमचा माणूस टायर आणि ओरखडे दाखवून भाव पाडू लागला तरी आपण गोंधळत नाही.

विकण्याआधी डेंटिंग-पेंटिंगवर मोठा खर्च करू नका, तो सहसा वसूल होत नाही. गाडी धुवून स्वच्छ न्या. सर्व्हिसची बिले, दोन्ही चाव्या, चालू विमा आणि पीयूसी सोबत ठेवा. थकलेले ई-चलन आधी भरून टाका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्याचा परिणाम जुन्यांच्या भावावरही होतो. म्हणून शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी मिळालेला भाव डोक्यात धरून बसू नका.

फक्त ‘वर किती द्यायचे’ ते बघा

बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात. गाडीच्या सौद्यात मात्र सगळं उघड आणि कागदावर हवं. दोन शोरूमचे लेखी कोटेशन घ्या आणि शेवटचा आकडा जुळवा. समजा, नव्या गाडीची ऑन-रोड किंमत दोन्हीकडे ९,४०,००० रुपये आहे.

पहिले शोरूम: जुन्या गाडीचे २,६०,०००, एक्स्चेंज बोनस २५,०००. रोख सूट नाही. अ‍ॅक्सेसरीज १५,००० आणि हँडलिंग चार्ज ८,००० वेगळे. वर द्यायचे ६,७८,०००.

दुसरे शोरूम: जुन्या गाडीचे २,३०,०००, एक्स्चेंज बोनस २५,०००, रोख सूट ४०,०००. बाकी काही नाही. वर द्यायचे ६,४५,०००.

पहिल्याने जुन्या गाडीला ३०,००० जास्त दिले, तरी तोच सौदा ३३,००० ने महाग पडला. म्हणून बोलणी करताना आधी नव्या गाडीची सूट पक्की करून लिहून घ्या. जुन्या गाडीचा विषय त्यानंतर काढा. शोरूमचा भाव बाहेरच्यापेक्षा बराच कमी असेल, तर जुनी गाडी बाहेर विका. बाहेर विकली तरी बोनस मिळतो का, हेही विचारा. काही कंपन्या नाव बदललेल्या आरसीची प्रत घेऊन तो देतात.

बोनससाठी जुनी आणि नवी गाडी एकाच नावावर किंवा जवळच्या नात्यात असावी लागते. जुनी गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या. हे काम मुहूर्ताच्या आठवड्यात होत नाही.

काही कंपन्या ग्रामीण ग्राहक, शेतकरी किंवा सरकारी नोकरांना वेगळी सूट देतात. ती आपणहून सांगतीलच असं नाही. “रुरल ऑफर काय आहे?” असं स्पष्ट विचारा आणि सातबारा किंवा ओळखपत्र सोबत ठेवा.

ऑन-रोड किमतीत काय काय असतं?

एकच मोठा आकडा घेऊन घरी येऊ नका. प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा.

• एक्स-शोरूम किंमत: यात जीएसटी आलेला असतो.

• एकरकमी रोड टॅक्स: खासगी वापराच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला राज्यात ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के. किंमत वाढली की दरही वाढतो. याची पावती सरकारी असते, ती मागून घ्या.

• नोंदणी फी: खासगी कारला ६०० रुपये. कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे आणखी १,५०० रुपये. स्मार्ट कार्ड आणि टपालाचे थोडे वेगळे. ‘आरटीओ खर्च’ म्हणून याच्यापुढे काही लावले असेल तर त्याची पावती मागा.

• टीसीएस: गाडी १० लाखांपेक्षा महाग असेल तर १ टक्का. हा पैसा तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरून परत मागता येतो. शेतीशिवाय दुसरे उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र न भरणारे अनेकजण ही रक्कम सोडून देतात.

• हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज: याची सरकारी पावती नसते. नकार द्या.

• अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग, वाढीव वॉरंटी: हे सगळं ऐच्छिक आहे. नको असेल ते काढायला सांगा.

रोख रकमेचेही लक्षात ठेवा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख शोरूमला घेता येत नाही. बाकी पैसे बँकेतून, शोरूमच्या खात्यातच भरा. सेल्समनच्या खासगी नंबरवर एक रुपयाही पाठवू नका.

विमा: जुना नो क्लेम बोनस सोडू नका

विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरच्या एजंटकडून किंवा ऑनलाइन त्याच गाडीचा, त्याच कव्हरचा दर काढा आणि शोरूमला दाखवा. बऱ्याचदा तिथल्या तिथे दर कमी होतो. नव्या कारला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग १ वर्षाचा घेता येतो.

जुन्या गाडीवर क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस साठलेला असतो. पहिल्या वर्षी २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी दिल्यावर विमा कंपनीकडून बोनस राखल्याचे पत्र घ्या. ते ३ वर्षे चालते आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये तेवढी सूट मिळते.

कर्ज: ‘फक्त ७ टक्के’ ऐकून हुरळू नका

व्याजदर ‘फ्लॅट’ की ‘रिड्युसिंग’, हा पहिला प्रश्न विचारा. ५ लाखांचे कर्ज, ५ वर्षे, फ्लॅट ७ टक्के. म्हणजे व्याज १,७५,००० आणि महिन्याचा हप्ता ११,२५०. दुसऱ्या बँकेचा रिड्युसिंग दर ९.५ टक्के असेल तर हप्ता साधारण १०,५०० बसतो. ऐकायला ७ टक्के स्वस्त, पण ते प्रत्यक्षात साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. मराठीत मागा. आपल्या जिल्हा बँकेचा दरही विचारून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या गाडीची आरसी

नवी गाडी मिळाली, पेढे वाटले, आणि जुनी गाडी विसरली. खरा धोका इथेच आहे. शोरूम ती गाडी व्यापाऱ्याला देतं, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. नाव मात्र तुमचंच राहतं.

‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात असंच झालं होतं. गाडी विकल्यानंतर ती हातोहात फिरली, अपघात झाला, पण आरसीवर नाव पहिल्या मालकाचंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. “मी तर गाडी विकली होती” हे सांगून सुटका होत नाही.

म्हणून पुढच्या गोष्टी कराच:

१. शोरूमकडे जुन्या गाड्यांचा अधिकृत डीलर म्हणून आरटीओचे प्रमाणपत्र आहे का विचारा. असेल तर गाडी ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये परिवहन पोर्टलवर नोंदवा. २०२३ पासून हा नियम लागू आहे. नोंद झाली की गाडीची जबाबदारी त्या डीलरवर जाते. पोचपावती जपून ठेवा.

२. प्रमाणपत्र नसेल तर फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख भरल्यावरच सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही कधीच करू नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

३. ताबा पावती घ्या. त्यावर तारीख, वेळ, किलोमीटर, गाडी नंबर, शोरूमचा शिक्का आणि नाव किती दिवसांत बदलून देणार ते लिहिलेलं हवं. आधारच्या झेरॉक्सवर ‘फक्त या गाडीच्या ट्रान्सफरसाठी’ असं लिहून सही करा.

४. जुन्या गाडीवर कर्ज होतं? बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवा.

५. फास्टॅग काढून बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कटत राहील.

६. दर आठवड्याला एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाची नोंद बदलली का ते बघा.

डिलिव्हरीच्या दिवशी

गाडी दिवसाउजेडी बघा. फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. मागच्या वर्षीची गाडी असेल तर सूट जास्त हवी, कारण पुढे विकताना वर्ष मोजलं जातं. चेसिस नंबर कागदाशी जुळवा. तपासणी नोंदणीच्या आधी करा, एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळणं अवघड. बुकिंग करतानाच, रद्द केल्यास किती पैसे परत मिळणार, ते पावतीवर लिहून घ्या.

फसवणूक झाली तर

आधी शोरूमच्या मॅनेजरला आणि कंपनीला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. तिथे तोंडी वचन सिद्ध करणं कठीण जातं, म्हणून कोटेशन, पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी डिलीट करू नका.