एंजिनाचा दुसरा श्वास

पुढें माणसांस बसावयास जागा व मागें उघडा हौदा, अशी जी मोटार अमेरिकेंतील शेतकरी आणि गवंडी वापरतात, तिला तिकडे पिकअप ट्रक म्हणतात. या गाडीच्या डीझेल एंजिनास एकाच्या जागीं दोन टर्बो बसविण्याची हौस तेथील कारागिरांत पुष्कळ आहे. कोणी विचारील, दोन कशाला? एकच थोरला बसविला म्हणजे काम भागणार नाहीं काय? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें उत्तर नीट द्यावयाचें तर १९०५ सालापर्यंत मागें जावें लागतें.

त्या वर्षीं १६ नोव्हेंबर रोजीं आल्फ्रेड ब्यूखी या सव्वीस वर्षांच्या स्विस एंजिनिअरानें एका कल्पनेचें पेटंट मिळविण्याची खटपट केली. एंजिनांत जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें तिसरा हिस्सा धुराबरोबर फुकट निघून जातो. ब्यूखी म्हणाला, या धुराच्या वाटेंत एक पात्यांचें चाक ठेवूं. त्याच आंसावर दुसरें चाक बसवूं. धूर पहिल्यास फिरवील आणि दुसरें बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबील. एवढा खटाटोप हवेसाठीं कां, असें वाटेल. पण एक किलो डीझेल तेल जाळावयास चौदा किलोंहून अधिक हवा लागते, आणि धूर काळा होऊं द्यावयाचा नसेल तर त्याहूनही बरीच जास्त. तेल वाटेल तितकें ओततां येतें; अडतें तें हवेपाशीं.

कल्पना निघाली खरी, परंतु ती चालती व्हावयास वीस वर्षें लागलीं. तापलेल्या धुरांत टिकून राहील अशी धातु सहज मिळत नव्हती. मध्यंतरीं पहिलें महायुद्ध आलें आणि विमानांनीं या यंत्रास वेगळीच निकड दिली. फ्रान्समध्यें ओग्यूस्त रातो यानें व अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाच्या एंजिनांवर प्रयोग केले. मॉसनें तर १९१८ सालीं आपलें एंजिन कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर वाहून नेलें. तेथें हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानानें सुमारें एकतृतीयांशानें कमी. तरीही टर्बो लावतांच गेलेली शक्ति एंजिनास परत मिळाली. ब्यूखीस मात्र यश आलें तें जहाजांवर. १९२० नंतरच्या दशकांत ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा-सिलिंडरी एंजिनांस त्याच्या योजनेचे टर्बो बसविले. १,७५० अश्वशक्तीचें एंजिन २,५०० अश्वशक्ति देऊं लागलें. सिलिंडर तेवढेच, दट्टे तेवढेच. वाढली ती हवा आणि तिच्या मापानें इंधन.

रस्त्यावरील मोटारींत ही विद्या हळूहळू उतरली. तिची एक कथा मला मोठी बोधप्रद वाटते. १९५२ सालच्या इंडियानापोलिसच्या सुप्रसिद्ध शर्यतींत कमिन्स कारखान्यानें टर्बो बसविलेली डीझेल गाडी उतरविली. डीझेल म्हणजे ट्रकाचें जड एंजिन, असें हंसणारे पुष्कळ होते. पण फ्रेड ॲगाबेशियन या चालकानें निवडीच्या फेऱ्यांत ताशीं १३८ मैलांचा वेग गांठून सर्वांत पुढची जागा पटकावली! शर्यतींत मात्र २०० पैकीं ७१ फेऱ्या होतांच गाडी थांबली. टर्बोचें हवा ओढणारें तोंड खालीं, पुढच्या बाजूस होतें. इतरांच्या टायरांचे रबरी कण त्यांत शिरून तें तुंबलें. एंजिनांत बिघाड नव्हता. त्याचा श्वास कोंडला होता.

याच कमिन्सशीं किर्लोस्करांनीं भागी केली आणि १९६२ सालीं पुण्यास ‘किर्लोस्कर कमिन्स’ निघाली, हें आपल्यापैकीं अनेकांस ठाऊक असेल. अमेरिकेंत १९८९ च्या डॉज पिकअपमध्यें कमिन्सचें ५.९ लिटरचें एंजिन आलें. त्यास टर्बो एकच, शक्ति १६० अश्वांची. मालकांस ती पुरेना. येथें आपला पहिला प्रश्न पुन्हां येतो. टर्बो थोरला घेतला तर त्याचें चाक जड. धुराचा लोंढा पुरेसा येईपर्यंत तें जागें होत नाहीं. मागें जनावरांचा गाडा जोडून चढावर निघालेली गाडी तोंवर काळा धूर ओकीत रेंगाळते. धाकटा घेतला तर तो लगेच फिरूं लागतो, पण वेग वाढतांच त्याचें तोंड अपुरें पडतें. म्हणून दोघांस एकामागें एक जोडतात. धूर आधीं धाकट्यांत व मग थोरल्यांत. हवा उलट, आधीं थोरल्यांत व मग धाकट्यांत. प्रत्येकानें दाब दुप्पट केला तर एकंदर चौपट होतो, कारण येथें बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो. फोर्डनें आपल्या २००८ च्या ६.४ लिटर एंजिनांत असा जोड कारखान्यांतूनच दिला.

निव्वळ बढाईसाठीं ही जोडी बसविणें मला पसंत नाहीं. परंतु पाइक्स पीकच्याच मुलखांतील घाटांतून जो रोज जड ओझें ओढतो, त्याची गोष्ट निराळी. त्याला विरळ हवेंत भरपूर हवा मिळते आणि धुराची उष्णता आटोक्यांत राहते. मात्र सिलिंडरांतील दाब वाढला कीं डोक्याचे जुने बोल्ट ताणतात. तेथें अधिक बळकट स्टड घालावे लागतात. दाबानें तापलेली हवा जाळींतून थंड करून घ्यावी लागते. धुराच्या नळीवर उष्णतामापक हवाच, कारण कांटा बराच वेळ सातशे अंश सेल्सिअसच्या पलीकडे राहिला तर दट्ट्याचें ॲल्युमिनियम वितळूं लागतें. आणि टर्बोंतून तेल परत नेणारी नळी रुंद व सरळ उताराचीच असावी. तें तेल आपल्या वजनानें खालीं येतें, आणि मिनिटास लाखभर फेरे घेणाऱ्या आंसापाशीं तें तुंबलें कीं आडोशांतून झिरपून धुरांत शिरतें व निळा धूर दिसूं लागतो.