एका बाजूला तीस मिनिटं

हातात यादी घेऊन गिऱ्हाईक आलं की काम सोपं असायचं. कॅसेट काउंटरवर ठेवून ‘प्रवासाची भरून द्या’ एवढंच म्हणणारं आलं, की मग डोकं चालवावं लागे. ऐंशीच्या दशकात पनवेलच्या बाजारात, टपाल नाक्याजवळ माझं रेकॉर्डिंगचं छोटं दुकान होतं. दोन डेक, एक टर्नटेबल आणि भिंतभर एलपी. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता पनवेलला फुटतो, त्यामुळे ट्रकवाले, टुरिस्ट गाडीवाले, सुट्टीत गावी निघालेले चाकरमानी, सगळ्यांना ‘प्रवासाची’च हवी असायची. त्याखालोखाल पावसाची आणि मग ‘जरा दर्दभरी’.

साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. जुन्या 78च्या तबकडीची, म्हणजे दहा इंचीची, एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास वाजायची. त्यामुळे जुनी गाणी बेतशीर. एका बाजूला सहज नऊ बसत. सत्तरनंतरची गाणी पाच-साडेपाच मिनिटांवर गेली, तिथे हिशेब बिघडायचा. शेवटचं गाणं मध्येच तुटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. म्हणून बाजूच्या शेवटासाठी आखूड गाण्यांची एक वेगळी यादीच मी भिंतीला चिकटवली होती.

पण एका विषयावर गाणी निवडून ओवायची हे वेड माझं नव्हे, दुकानदारांचंही नव्हे. ते आलं रेडिओवरून, आणि तेही एका मराठी माणसाच्या हट्टापायी. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा, सिनेमाच्या गाण्यांचा तिटकारा. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि ऐकणाऱ्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला ती पायदानांची शर्यत नव्हती, कोडं होतं. वेगवेगळ्या काळातली सात गाणी उलटसुलट क्रमानं वाजवायची आणि श्रोत्यांनी ती काळाप्रमाणे लावायची. बक्षीस शंभर रुपये. पन्नासेक पत्रं येतील असं वाटलं होतं, आली नऊ हजार, असं तिचे निवेदक अमीन सायानी सांगत. मला यातली मौज वेगळी वाटते. गाणं नुसतं ऐकायचं नसतं, दुसऱ्या गाण्याशेजारी ठेवून पाहायचं असतं, ही सवय लोकांना तिथे लागली.

सिलोनच्या सकाळच्या कार्यक्रमांत तर या खेळाची कमाल होती. ‘वाक्य गीतांजली’त गाण्यांचे पहिले शब्द जोडले की वाक्य तयार व्हायचं. ‘एक ही फिल्म के गीत’ होता. ‘पुरानी फिल्मों का संगीत’ संपताना आठच्या ठोक्याला सैगल, हे इतकं ठरलेलं, की आमच्याकडे त्यावर घड्याळं लावत. गीतमालेनंतर पाच वर्षांनी, 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीनं विविध भारती काढली. केसकर तेव्हाही मंत्रीच होते. रात्रीच्या ‘छायागीत’मध्ये निवेदकच एखादा धागा धरून गाणी निवडायचा. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’मध्ये निवड श्रोत्यांची, त्यात मजा पत्रातल्या नावांची; पण निवडणाऱ्याची अक्कल कळायची ती छायागीतात. कुणी ‘चाँद’ म्हणून चंद्राची पाच गाणी ओळीनं लावी, ते ऐकून मला जांभई यायची. एखादा मात्र चार गाण्यांत चंद्राचं नावही येऊ न देता चांदणी रात्र उभी करायचा. माझं शिक्षण या दुसऱ्याकडे झालं.

आमच्या भागात क्रम लावायची परंपरा रेडिओच्याही आधीची आहे. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले गाते, तेव्हा कुठला विधी चालू आहे त्यावर गाणं ठरतं. हळदीचं गाणं हळदीलाच. भजनी मंडळ रूपाच्या अभंगाला बसल्याशिवाय गौळणीकडे वळत नाही. तिथे आवड-निवड नसते, चाल असते. माझ्या दुकानात हळदीच्या कॅसेट भरायला येणाऱ्या बायका त्यामुळे सर्वांत कडक गिऱ्हाईक. ‘याच्या आधी ते कसं येईल?’ म्हणून दोनदा परत पाठवलंय त्यांनी मला.

विषय ‘रेल्वे’ असेल तर काय करायचं, हे सांगितलं तर माझी रीत कळेल. पनवेलला रेल्वे आली साठच्या दशकात, दिव्याच्या बाजूनं. मुंबईची लोकल यायला 1998 उजाडलं. तोवर आमची खरी गाडी लाल एसटी. म्हणूनच की काय, आगगाडीच्या गाण्यांची इथे फार हौस. पहिल्या फटक्यात सुचतात ती सगळ्यांना सुचतात: कानन देवीचं ‘जवाब’मधलं तुफान मेलचं (1942), ‘जागृती’मधलं मास्तर मुलांना देश दाखवतात ते (1954), ‘आशीर्वाद’मध्ये अशोककुमारनं स्वतः म्हटलेलं (1968). या शेवटच्याला चाल आपल्या कोकणातल्या वसंत देसाईंची, म्हणून ते सोडवत नाही. पण ही तिन्ही लागोपाठ लावली की बालवाडी होते. मग मी ‘आराधना’कडे (1969) जातो. राजेश खन्ना जीपमध्ये, शर्मिला टागोर दार्जिलिंगच्या छोट्या गाडीच्या खिडकीत. शब्दांत गाडीचा पत्ता नाही, पण ते ऐकताना गाडी दिसली नाही असा माणूस मला भेटलेला नाही. गंमत म्हणजे शर्मिला तेव्हा सत्यजित राय यांच्या चित्रीकरणात अडकलेली, तिचे तुकडे नंतर स्टुडिओत घेतले. आणि शेवटी ‘पाकीज़ा’तला (1972) मुजरा, ज्याच्या अखेरीला लांबून इंजिनाची शिटी येते. एकानं वाद घातला होता, यात रेल्वे कुठे? मी त्याला काउंटरशी उभं करून शिटीपर्यंत ऐकवलं. त्यानं दोन कॅसेट भरून नेल्या.

अशी गाणी सापडायची कुठून? पुस्तकातून नाही. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज़’ यांनी 1931 पासून 1980 पर्यंतच्या हिंदी सिनेमांचा गीतकोश पाच खंडांत केला, केवढं मोठं काम! गाणारा, लिहिणारा, रेकॉर्डचा नंबर, सगळं त्यात मिळतं. पण तो लावलाय सालाप्रमाणे आणि सिनेमाप्रमाणे. शिटी, खिडकी, पत्र, उंबरठा असल्या नोंदी कुठल्याच कोशात नसतात. त्या मी शंभर पानी वहीत करायचो, गाणं ऐकता ऐकता.

कायद्याच्या डोळ्यानं हा धंदा चोरीचाच होता, ते लपवण्यात अर्थ नाही. 1984 मध्ये कॉपीराइटचा कायदा कडक झाला, तरी गल्लोगल्ली डेक फिरत राहिले. आम्हाला खरं मारलं ते टी-सीरीजच्या स्वस्त कॅसेटनी, आणि मग सीडीनं. कंपन्याच ‘पावसाची गाणी’ छापून विकू लागल्या, तेव्हा माझ्याकडून कोण भरून घेणार? त्या छापील कॅसेटची निवड मात्र भिकार असायची. नावात पाऊस आहे एवढं पाहून गाणं घ्यायचे.

आता महिन्यातून एकदा आमच्या कट्ट्यावर मी पेनड्राइव्हवरून गाणी लावतो. वेळेचं बंधन कुणी घातलेलं नाही, तरी मी तीस मिनिटांवर थांबतो. पुढचा विषय पत्रांचा. ‘पतंगा’तला (1949) रंगूनचा फोन मी पत्र म्हणूनच धरणार आहे, दूरच्या नवऱ्याचा निरोप तो निरोपच. ‘पलकों की छाँव में’चा (1977) पोस्टमन राजेश खन्ना आहेच. अडचण आहे ती ‘नाम’मधल्या (1986) पंकज उधास यांच्या चिठ्ठीच्या गाण्याची. सात मिनिटांच्या वर आहे ते, कॅसेटवर दोन गाण्यांची जागा खायचं. इथल्या तालुक्यातले कितीतरी लोक आखातात. त्यांच्या घरचे दुकानात तेवढं एकच गाणं दोन्ही बाजूंना भरून मागत. ते शेवटी लाव, असा सगळ्यांचा आग्रह आहे. पण शेवटी लावलं की लोक डोळे पुसत उठतात आणि आधीची गाणी घरी पोचत नाहीत. मी ते तिसरं लावणार आहे.