हाताची घडी, तोंडावर बोट

१९४० चा फेब्रुवारी महिना. दुसरं महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झालेत. ब्रिटनमधल्या पबमध्ये, रेल्वे स्टेशनांवर, ऑफिसांमध्ये लाल चौकटीतली काही छोटी व्यंगचित्रं झळकू लागतात. एका चित्रात दोन बायका गाडीत बसून निवांत गप्पा मारतायत. मागच्या बाकावर कान टवकारून बसलेत दोन प्रवासी, हिटलर आणि गोअरिंग! दुसऱ्या चित्रात दिवाणखान्याची भिंत आहे. वॉलपेपरची नक्षी नीट पाहिली, तर तिथं ओळीनं हिटलरचीच तोंडं. भिंतीलाही कान असतात ही म्हण जशी आपली, तशी इंग्रजांचीही. सगळ्या चित्रांखाली एकच इशारा: बेसावध बोलाल, तर कुणाचा तरी जीव जाईल.

ही चित्रं काढणाऱ्याचं नाव सिरिल केनेथ बर्ड. तो सही करायचा ‘फूगास’ अशी. फूगास म्हणजे जमिनीत पुरायचा एक गावठी सुरुंग, जो उडेल की नाही याचा भरवसा नसतो. विनोदकाराला याहून चांगलं टोपणनाव कुठलं मिळणार? पण त्यामागे थट्टेपेक्षा जास्त काही होतं. बर्ड शिक्षणानं इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, गॅलिपोलीच्या लढाईत त्याच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. अंथरुणावर पडल्या पडल्या तो चित्रं काढू लागला आणि १९१६ पासून ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात छापून येऊ लागला. युद्ध म्हणजे काय ते त्यानं अंगावर झेललं होतं. तरीही दुसऱ्या युद्धात सरकारसाठी, तेही फुकट, काम करताना त्यानं रक्त, कवट्या, बुडणारी जहाजं काढली नाहीत. गप्पिष्ट माणसं काढली.

मी सायबर सुरक्षेची उत्पादनं विकणाऱ्या एका कंपनीसाठी मजकूर लिहिते. सोशल मीडियाच्या पोस्ट, रील्सच्या संहिता, कॅन्टीनमध्ये लावायची पोस्टर्स. या कामात दर मीटिंगला एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘जरा फनी करा ना!’ सुरक्षेच्या जाहिरातीत हा विनोद आला कुठून, हे शोधत मागे मागे गेले आणि फूगासपाशी थांबले. कारण त्याला जो प्रश्न पडला होता, तोच आज माझ्या स्क्रीनवर आहे.

पोस्टरचं नेमकं काय अडतं, याबद्दल त्यानं तीन गोष्टी मांडल्या होत्या. एक, सूचना वाचायचा लोकांना मुळातच कंटाळा असतो. दोन, वाचलीच तर ती आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नाही. तीन, तेही पटलं तरी त्यावर काही करण्याइतका वेळ ती लक्षात राहत नाही. ऑफिसच्या इनबॉक्समध्ये ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हा मेल किती वेळा आलाय आठवा आणि किती वेळा पूर्ण वाचलात तेही. हे तीन अडथळे ओलांडायला त्यानं विनोद वापरला. हसू आलं की नजर थांबते. चित्रातली माणसं शेजाऱ्यांसारखी दिसली की ‘हे मीही करतो’ असं वाटतं. आणि हसवलेलं लक्षात राहतं.

म्हणजे विनोद केला की काम फत्ते? त्याच वर्षी, त्याच सरकारनं या समजुतीला छेद देणारा प्रयोग केला.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. आता पाळी ब्रिटनची, अशी धास्ती होती. जुलैमध्ये माहिती मंत्रालयानं ‘सायलेंट कॉलम’ नावाची मोहीम काढली. अफवा पसरवू नका, मूकदळात सामील व्हा. यातही विनोद होता. बडबडणाऱ्यांना नावं दिली होती: मिस्टर नो-ऑल म्हणजे सर्वज्ञ, मिस लीकी माउथ म्हणजे तोंडाला गळती लागलेली, मिस्टर ग्लमपॉट म्हणजे कायम रडका. पण सोबत असंही सुचवलं होतं की कुणी ऐकतच नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून पोलिसांना कळवा. शिवाय युद्धाबद्दल निराशेचं बोलल्याबद्दल लोकांवर खटले भरले जात होतेच. लोक भडकले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. महिनाही उलटला नाही तोच, २३ जुलैला, ही मोहीम गुंडाळल्याचं चर्चिल यांना संसदेत सांगावं लागलं.

विषय तोच, देश तोच, विनोदही दोन्हीकडे. मग एक चाललं आणि दुसरं का आपटलं? मला वाटतं, कोण कुणाला हसतंय यात ते उत्तर आहे. फूगासच्या चित्रात हास्यास्पद दिसतो तो हिटलर. वॉलपेपरमध्ये चिकटलेला, दोन बायकांच्या गप्पा चोरून ऐकणारा. गप्पा मारणाऱ्या बायका मात्र साध्या, लोभस आहेत, आपल्या मावशी-काकूंसारख्या. ‘सायलेंट कॉलम’मध्ये हास्यास्पद ठरली ती घाबरलेली सामान्य माणसं. आणि त्या हसण्यामागे पोलिसाची काठी होती.

याच मालिकेतलं आणखी एक पोस्टर होतं: ‘बी लाइक डॅड, कीप मम’. ‘कीप मम’चे दोन अर्थ: गप्प राहा, आणि आईला पोसा. शब्दखेळ झकास. पण बापानं पोसायचं आणि बाईनं गप्प बसायचं, असा त्याचा सूर निघत होता. एडिथ समरस्किल या खासदारबाईंनी १९४१ मध्ये संसदेत त्यावर आक्षेप घेतला. बायका तेव्हा कारखान्यांत राबत होत्या. त्यांनी या कोटीवर का हसावं?

पुढे शत्रू कॉम्प्युटरमध्ये शिरला आणि बोलण्याची जागा पासवर्डनं घेतली. विनोद तिथेही पोचला. ‘पासवर्ड म्हणजे चड्डी: वरचेवर बदला, दुसऱ्याला देऊ नका, उघड्यावर टाकू नका’ हा जोक जगभरच्या ऑफिसांत भिंतींवर चिकटला. फूगासच्या तिन्ही कसोट्यांवर तो खरा उतरतो. अडचण इतकीच की त्यातला पहिला सल्ला टिकला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल, तर ठरावीक मुदतीनं तो बदलायला लावू नका. कारण सक्ती केली की लोक शेवटच्या १ चा २ करतात आणि मोकळे होतात. सल्ला बदलला, जोक मात्र अजून फिरतोय. चांगल्या विनोदाचा हा धोकाच आहे. चुकीची गोष्टही तो तितक्याच घट्ट डोक्यात बसवतो.

त्याआधी, २०११ मध्ये, रँडल मन्रोनं ‘एक्सकेसीडी’ या आपल्या वेबकॉमिकमध्ये साध्या काडीमाणसांतून एक हिशोब मांडला होता. आकडे आणि चिन्हं घुसडून अवघड केलेला एक शब्द, सेकंदाला १,००० अंदाज या वेगानं, तीन दिवसांत फुटू शकतो. कसेही निवडलेले चार साधे शब्द एकापुढे एक ठेवले, तर त्याच वेगानं ५५० वर्षं लागतात. इथेही पासवर्ड विसरणारा माणूस हास्यास्पद नाही. टोला बसतो तो त्याच्यावर विचित्र नियम लादणाऱ्यांना.

आता आपल्याकडे येऊ. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई पोलीस ट्विटरवर आले आणि सिनेमाचे डायलॉग, मीम यांतून हेल्मेटपासून ओटीपीपर्यंत सगळ्यावर बोलू लागले. पोलीस कोट्या करतात याचंच आधी अप्रूप होतं. २०२० मध्ये एचडीएफसी बँकेनं ‘मूंह बंद रखो’ ही मोहीम काढली: ओटीपी, पिन, पासवर्ड कुणाला सांगू नका. फूगासनंतर बरोबर ८० वर्षांनी तोच इशारा हिंदीत! २०२२ मध्ये त्याच बँकेनं ‘व्हिजिल आंटी’ आणली. अनुराधा मेनन यांनी रंगवलेली ही ठसकेबाज आंटी चोरांची फिरकी घेते. नावातच ‘व्हिजिलान्टी’वरची कोटी. म्हणजे पुन्हा हसायचं ते चोराला.

याच्या उलट टोकाला फोनवरची कॉलर ट्यून. २०२४ च्या अखेरीपासून फोन लावला की आधी सायबर फसवणुकीचा इशारा ऐकावा लागे. पुढे त्यात अमिताभ बच्चन यांचा आवाज आला. आवाज कितीही भारदस्त असला, तरी घाईच्या वेळी तो नकोसाच वाटतो. लोकांनी विनोद केले, पण चोरावर नाही, इशाऱ्यावर. जून २०२५ मध्ये ती ट्यून थांबली.

इथवरचा इतिहास बहुतेक एकाच आज्ञेचा आहे. शाळेत बाई म्हणायच्या तीच: हाताची घडी, तोंडावर बोट. पण सायबर चोरीत एक क्षण असा येतो, जिथे तोंडावरचं बोट काढावंच लागतं. पैसे गेले की ते काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात. १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवलं, तर बँका ती रक्कम वाटेत गोठवू शकतात. उशीर झाला की उरतं फक्त तक्रारीचं कागदोपत्री काम.

आमच्या सोसायटीत एका निवृत्त काकांना ‘वीजबिल थकलंय, आज रात्री वीज कापू’ असा मेसेज आला. त्यांनी सांगितलेलं ॲप उतरवलं आणि खातं रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांच्यावर मीम होतं. छान जमलेलं, सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकलेल्या. काका ग्रुप सोडून गेले. काही महिन्यांनी शेजारच्या काकूंचे पैसे गेले. त्यांनी ते मुलीला सांगितलं चौथ्या दिवशी. मी विचारलं, ‘लगेच का नाही बोललात?’ त्या म्हणाल्या, ‘ग्रुपवर माझंही चित्र आलं असतं गं.’ चार दिवसांत पैसा कुठल्या कुठे गेला होता.

केंद्र सरकारनं लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, २०२३ मध्ये देशात सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. हे नोंद झालेले आकडे. लाजेनं गप्प बसलेल्यांचे यात नाहीत.

म्हणून ‘जरा फनी करा ना’ असं कुणी म्हटलं की मी आता दोन गोष्टी तपासते. यात हसायचं कुणाला? आणि उद्या फसलेली एखादी काकू हे पाहून फोन उचलेल की फोन लपवेल? ओटीपी देणारा ‘बकरा’, लिंक दाबणारा ‘बावळट’ अशी पात्रं आमच्या धंद्यात फार सोपी आहेत, लाइक्सही भरपूर मिळवतात. मी ती कापते. त्यांच्या जागी खोटा साहेब बनून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारा चोर बसवते. भाड्याचा युनिफॉर्म, मागे पडद्यावर छापलेलं पोलीस ठाणं आणि कॉल चालू असतानाच हळूच सरकणारा तो पडदा. हसायला इतकं पुरतं. आणि खाली, फूगासच्या लाल चौकटीइतक्या ठळक अक्षरांत, एक ओळ ठेवते: फसलात? तुमच्याआधी लाखो फसलेत. आत्ता १९३० लावा.