लालबागची लाइन

मे १९८२. पहाटेचे साडेचार. लालबागच्या फुटपाथवर पेपरचे गठ्ठे धाडकन पडतात आणि डोळे चोळत तू त्यांच्यापाशी उकिडवा बसतोस. वय पंधरा, नववी नापास. चाळीतल्या फुटक्या काचा तुझ्या नावावर आहेत आणि आईच्या डब्यातून गेलेले पैसेही. शाळा दाखला हातात द्यायला टेकलीय.

१८ जानेवारीपासून मुंबईतल्या कापडगिरण्या बंद आहेत. कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यात तुझे बाबाही. आता ते गावी दुसऱ्यांच्या शेतात राबतात. आईची खानावळ आहे. जेवणारे सगळे गिरणीतलेच, त्यांना पगार नाही म्हणजे तिलाही नाही. तरी ती कुणाला ताटावरून उठवत नाही, वाण्याची उधारी वाढवते. हे सगळं बघून तुझं डोकं फिरायचं, पण ते कुणी विचारलंच नव्हतं.

पेपरवाले काकाही विचारत नाहीत. गठ्ठा पुढे सरकवतात. "नवाकाळ वेगळा, लोकसत्ता वेगळा. मोजून घे." प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खोली नंबर टाकलेला असतो. शाई बोटांना लागते. चाळीत शिरलास की पाय जपून टाकावा लागतो. एरवी पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारी माणसं आता एकदमच झोपतात, खोलीत मावत नाहीत, सगळी गॅलरी अंथरुणांनी भरलेली असते.

एकदा तुला जिने चढायचा कंटाळा येतो. वरच्या मजल्याचे अंक तू जिन्याखाली कोंबतोस. काकांना कळतं. ते हात उगारत नाहीत. "वर जा. माणसं खोळंबलीत."

खरंच खोळंबलेली असतात. एका नवाकाळवर सातआठ जण. चष्मा फुटलेले एक आजोबा म्हणतात, "आणलास? मग तूच वाच, बाळा." तू वाचतोस. ज्या १९४६ च्या कायद्याविरुद्ध ही माणसं उभी आहेत, त्या 'औद्योगिक संबंध' कायद्याच्या नावाशीच अडखळतोस. वर्गात हशा पिकला असता. इथे कुणी हसत नाही, पुढचं ऐकायला थांबतात. दुसऱ्या दिवसापासून तू आधी वरचा मजला करतोस.

महिना भरतो. काका पावतीपुस्तक आणि पैशांची कापडी पिशवी तुझ्याकडे देतात. डब्यातल्या चोरीची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली असते, तरीही देतात. माझ्या मते त्या उन्हाळ्यात तुझ्यासाठी कुणी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तू दारोदार फिरतोस. कुणी पुढच्या महिन्याचा वायदा करतं, कुणी मान खाली घालून पेपर बंद करायला सांगतं. स्टोव्ह पेटलेला दिसत नाही त्या दारात तू दुसऱ्यांदा पैसे मागत नाहीस, काकांना तसं स्पष्ट सांगतोस. जमलेले पैसे मात्र त्यांच्यासमोर नाण्यानाण्याने मोजून देतोस. हिशोब जुळतो. तुझा पगार आईच्या हातात जातो, तिथून थेट वाण्याकडे.

जूनमध्ये शाळा उघडते. संप चालूच असतो. तो रीतसर मागे कधीच घेतला जाणार नाही आणि हजारो कामगारांप्रमाणे बाबांनाही गिरणीत परत घेतलं जाणार नाही. तू पेपरची लाइन सोडत नाहीस. पहाटे पेपर टाकतोस आणि मग नववीच्या वर्गात पुन्हा जाऊन बसतोस, या खेपेला पास होण्यासाठी.