जुन्या यंत्राची घाई

औरंगपुऱ्यांतील आमच्या घराच्या माडीवर गेल्या उन्हाळ्यांत एक जुना संगणक येऊन बसला. 'बसला' म्हणण्याचें कारण इतकेंच कीं, त्याचें वजन व आकार पाहतां तो कोणी 'ठेवला' असें म्हणवत नाहीं. कोण्या कचेरीनें दहा वर्षें राबवून मोडींत काढलेलें हें 'वर्कस्टेशन' माझ्या भाच्यानें बरीच घासाघीस करून विकत घेतलें. भाचा मराठवाड्याच्या भूजलावर प्रबंध लिहीत आहे. विहिरींच्या पातळ्या, पाऊस व खडकाची सच्छिद्रता यांचे आंकडे घालून, पाणी जमिनीखालून कसें वाहतें तें तो या यंत्राकडून मोजवून घेतो. एका गणिताला चौदा तास लागत. अशीं साठेक गणितें व्हावयाचीं होतीं, आणि प्रबंध देण्याची तारीख जवळ येत चालली होती. तेव्हां एके दिवशीं त्यानें मला विचारलें, "मामा, याचा वेग वाढवूं का?"

वेग वाढवितां येतो हें मला ठाऊक होतें. वाढवावा कीं नाहीं हें सांगण्यापूर्वीं, हा उद्योग मुळांत कोणीं आणि कशासाठीं आरंभिला तें मी पाहूं लागलों. त्यांतूनच आजचें हें भाषण तयार झालें आहे.

लेझीमचा आखाडा आपण पाहिला असेलच. हलगी वाजते, आणि ठोक्यागणिक पन्नास गडी एकेक पाऊल टाकतात. ठोका जलद झाला कीं खेळाला रंग चढतो. आणखी जलद केला, तर पथकांतील जो सर्वांत मंद गडी असेल त्याचें पाऊल अर्धवट असतांनाच पुढचा ठोका पडतो. तो गडी पडतो असें नाहीं. तो चुकीचें पाऊल टाकतो आणि खेळ तसाच पुढें चालतो. प्रोसेसरांतील कोट्यवधि ट्रान्झिस्टर याच रीतीनें चालतात. हलगीचें काम तेथें क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक करतो. साडेतीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साडेतीनशे कोटि ठोके! कारखानदार हा ठोका ठरवितो तो सर्वांत मंद गड्याकडे पाहून, शिवाय कडक उन्हाळा, विजेची चढउतार आणि कांहीं वर्षांची झीज यांसाठीं थोडी सवड राखून. ही राखलेली सवड मालकानें स्वतःच खर्चून टाकणें, एवढाच 'ओव्हरक्लॉकिंग' या भारदस्त शब्दाचा अर्थ आहे.

सवड संपली तर तीही वाढवितां येते. विजेचा दाब वाढविला कीं ट्रान्झिस्टर अधिक चपळ होतात. पण त्याची किंमत उष्णतेच्या रूपानें द्यावी लागते, आणि ती सरळ हिशेबानें वाढत नाहीं. खर्ची पडणारी शक्ति वेगाच्या पटींत वाढते, आणि दाबाच्या तर वर्गाच्या पटींत. वेग शेंकडा वीस व दाब शेंकडा पंधरा वाढविला, तर शक्तीचा खर्च दीडपटीहून अधिक होतो. आपल्या गृहिणींना हें निराळें सांगावयास नको. गिरणीवाल्यानें घाईनें दळलेलें ज्वारीचें पीठ हाताला कढत लागतें, आणि पीठ जळालें कीं भाकरी थापतांना चिरते. आमच्या शहरांतील पाणचक्कीला डोंगरांतून मातीच्या नळांनीं आणलेल्या पाण्याच्या जोराचें बंधन होतें. विजेच्या चक्कीला तसें नाहीं, म्हणून तेथें माणसाला सावध रहावें लागतें.

यंत्राला त्याच्या सीमेपर्यंत ताणून पाहण्याची कल्पना जुनी आहे. मात्र आरंभीं तिचा हेतु उलट होता. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाचा 'व्हर्लविंड' हा संगणक १९५१ च्या सुमारास कामास लागला. त्यांत हजारों निर्वात नळ्या होत्या, आणि कोणती नळी केव्हां दगा देईल याचा नेम नसे. म्हणून तेथील अभियंते तपासणीच्या वेळीं विजेचा दाब मुद्दाम बिघडवीत. जी नळी उद्यां ऐन कामांत मरावयाची, ती अशानें आजच उघडी पडे. आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० च्या फेब्रुवारींत संपूर्ण स्वदेशी बांधणीचा मोठा संगणक सुरू झाला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याला 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. त्यांतही सुमारें २,७०० नळ्या होत्या. ज्यांनीं असलीं यंत्रें सांभाळलीं, त्यांना वेगापेक्षां दिवसभर बरोबर उत्तर मिळण्याचीच चिंता अधिक असावी, असें मला वाटतें.

मालकानें आपल्या घरच्या यंत्राचा ठोका वाढविण्याची कथा खऱ्या अर्थानें १९८४ पासून रंगते. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें आय. बी. एम. कंपनीनें 'पीसी-एटी' नांवाचा संगणक बाजारांत आणला. त्याचा वेग सहा मेगाहर्ट्झ होता. आंतील स्फटिक बारा मेगाहर्ट्झचा असून त्याची निमपट करून ठोका दिला जाई. चाणाक्ष लोकांनीं पेटी उघडून पाहिली, तों हा स्फटिक सहज उपसून काढतां येतो असें आढळलें. त्यांनीं बारांच्या जागीं सोळांचा बसविला, आणि थोडक्या पैशांत आठ मेगाहर्ट्झचें यंत्र घरांत आलें. बहुतेकांचें यंत्र बिनतक्रार चाललें. १९८६ सालीं कंपनीनें स्वतःच आठ मेगाहर्ट्झचा एटी विकावयास काढला, आणि त्याच्या मूळ आज्ञावलींत अशी तपासणी घातली कीं, नेमल्याहून जलद ठोका आढळल्यास यंत्र सुरूच होऊं नये. मालक आणि कारखानदार यांच्यांतील पहिलें उघड भांडण तें हेंच. विकत घेतलेल्या वस्तूंत कुलूप कोणाचें असावें, या प्रश्नाचा निकाल त्या दिवशीं लागला नाहीं, आणि आजही लागलेला नाहीं.

त्या काळच्या नकली यंत्रांवर 'टर्बो' नांवाचें एक बटण असे. त्याचा उपयोग गमतीचा होता. जुने खेळ पहिल्या पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झ या वेगावरच बेतलेले असल्यामुळें नव्या यंत्रावर ते भरधाव पळत. म्हणून 'टर्बो' बंद करून यंत्र मुद्दाम मंद करावें लागे.

१९९२ पासून ४८६ जातीच्या कांहीं प्रोसेसरांत बाहेरच्या ठोक्याची आंतल्या आंत दुप्पट होऊं लागली. या गुणकामुळें वेग वाढविणें सोपें झालें, आणि लबाडीही सोपी झाली. कमी वेगाच्या चकतीवरील आंकडा खरवडून वरचा आंकडा छापणारे व्यापारी निपजले. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धांत इंटेल कंपनीनें गुणकाला कुलूप घातलें, त्याचें एक कारण हेंही होतें. मला स्वतःला हें कारण खोटें वाटत नाहीं; परंतु तेवढेंच कारण होतें असेंही वाटत नाहीं.

कसें तें १९९८ च्या प्रसंगावरून दिसेल. २४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशीं इंटेलनें दोन प्रोसेसर बाजारांत आणले. एक 'पेंटियम २', वेग ४५० मेगाहर्ट्झ. दुसरा गरिबांसाठीं, 'सेलेरॉन ३००-ए', वेग ३००. किंमतींत चौपटीहून अधिक अंतर. गुणकाला कुलूप होतें, पण बाहेरचा ठोका ६६ ऐवजीं १०० केला कीं हा गरिबांचा सेलेरॉन ४५० वर धांवूं लागे. आणि तो कचित् नव्हे, तर बहुधा धांवे. असें कां व्हावें? जालन्याच्या मोसंब्यांची प्रतवारी ज्यांनीं पाहिली असेल त्यांना हें उमगेल. एकाच बागेचीं फळें लहानमोठीं निवडून निरनिराळ्या पेट्यांत भरतात. पण गिऱ्हाइकाला लहान फळांचीच पेटी हवी असेल आणि बागेंत सारीं फळें मोठींच निपजलीं असतील, तर मोठीं फळेंही लहानांच्या पेटींत जातात. सेलेरॉनवरील '३००' हा आंकडा त्या चकतीचें सामर्थ्य सांगत नव्हता. तो ती कोणत्या पेटींत गेली एवढेंच सांगत होता. दोन वर्षांनीं ए. एम. डी. कंपनीच्या प्रोसेसरांवरील तुटके दुवे लोक साध्या शिसपेन्सिलीनें रेघ ओढून जोडीत आणि गुणकाचें कुलूप उघडीत. कारण पेन्सिलीचें ग्रॅफाइट विजेचें वाहक आहे.

आतां दुसरी बाजू ऐका. २००० सालीं या दोन कंपन्यांत एक गिगाहर्ट्झची शर्यत लागली होती. मार्चमध्यें ए. एम. डी. नें दोन दिवसांच्या अंतरानें बाजी मारली. इंटेलनें ३१ जुलैला १.१३ गिगाहर्ट्झचा 'पेंटियम ३' जाहीर केला. परीक्षकांनीं तो लावून पाहिला, तेव्हां इतर बरीच कामें तो करी, पण 'लिनक्स' या कार्यप्रणालीचा गाभा संकलित करण्याचें काम त्याला पुरें करतां येईना. महिना लोटण्यापूर्वींच कंपनीनें तो प्रोसेसर परत घेतला. मालकांना दटावणाऱ्या कारखानदारानेंच येथें सवड खाऊन टाकली होती! या सबंध इतिहासांत मला हा प्रसंग सर्वांत बोधक वाटतो, कारण दोष यंत्र बंद पडल्यानें उघड झाला नाहीं. विशिष्ट, लांबलचक व अवघड कामांत तो सांपडला.

पुढें उष्णतेनेंच शर्यत थांबविली. चार गिगाहर्ट्झचा 'पेंटियम ४' आणण्याचा बेत २००४ च्या ऑक्टोबरांत रद्द झाला, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनीं भरसभेंत गुडघे टेकून विनोदानें क्षमा मागितली. तेथून एका जलद गड्याऐवजीं अनेक गाभे एकत्र राबविण्याचा काळ आला. हा मार्ग पुण्याला नवा नव्हता. अमेरिकेनें हवा तसा महासंगणक देण्याचें नाकारल्यावर १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें 'परम ८०००' उभा केला, तो असे अनेक साधे प्रोसेसर जोडूनच. २००८ पासून तर कारखानदारच थंडावा पाहून क्षणभर वेग वाढविण्याची सोय चकतींत घालूं लागले. बाहेरच्या माणसासाठीं सवड थोडीच उरली.

वर्कस्टेशनची जात निराळी. तीं हिशेबासाठीं असतात, म्हणून त्यांचे बहुतेक प्रोसेसर कुलूपबंदच. परंतु २०१२ सालच्या 'झिऑन ई५-१६५०' सारखे कांहीं थोडे उघडे सुटले, आणि कचेऱ्यांनीं तीं यंत्रें मोडींत काढल्यावर विद्यार्थ्यांच्या हातीं स्वस्तांत आले. भाच्याच्या यंत्रांतील प्रोसेसरही असाच उघडा, सहा गाभ्यांचा. मीं त्याला हा सारा इतिहास ऐकविला. त्यानें त्यांतून सेलेरॉनची गोष्ट घेतली आणि पेंटियम ३ ची सोडली. तरुण माणूस आहे! मीही फार अडविलें नाहीं.

त्यानें सहाही गाभे मिळून सुमारें ३.६ वर चालणारें यंत्र ४.४ गिगाहर्ट्झवर नेलें, दाब वाढविला, मोठा पंखा बसविला. चौदा तासांचें गणित साडेअकरा तासांत होऊं लागलें. यंत्र एकदांही बंद पडलें नाहीं. स्मृतींतील चूक ओळखून ती दुरुस्त करणारी सोय यंत्रांत असल्यामुळें तो निर्धास्त होता. पण ती सोय स्मृतीची राखण करते; प्रोसेसर स्वतःच बेरजेंत चुकला तर ती चुकलेली बेरीज इमानानें सांभाळून ठेवते.

मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर गेला. एका दुपारीं मार्गदर्शकांनीं मागितलें म्हणून त्यानें एक जुनें गणित पुन्हां लावलें. त्याच्या गणिताचा क्रम ठरलेला असल्यामुळें तेच आंकडे घातल्यास उत्तर शेवटच्या स्थळापर्यंत तेंच येत असे. त्या दिवशीं पैठण तालुक्यांतील एका विहिरीची पातळी चार हातांनीं निराळी आली. दोहोंपैकीं कोणतें उत्तर खरें, हें यंत्र सांगूं शकत नव्हतें. त्या पातळीवरून कोणी उद्यां बोअर घेण्याचा सल्ला दिला असता, तर तें शेतकऱ्याच्या पैशांवर पडलें असतें.

त्याच संध्याकाळीं त्यानें गुणक व दाब पूर्ववत् केले. प्रबंधासाठीं महिनाभराची मुदत मागून घेतली. आतां माडीवर रात्रीं दहाला, वारा सुटल्यावर, गणित सुरू होतें आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं बाराला संपतें. वाढविलेल्या वेगावर केलेलीं एकोणीस गणितें पुन्हां करावयाचीं होतीं. त्यांपैकीं सात झालीं आहेत. सहा जुळलीं, एक जुळलें नाहीं.